कमरेला एक दिवसही लावलं नाही म्हणता?

छोट्या रिव्हॉल्वरची मूठ कशी बदलावी यावर मागच्या महिन्यात मी लिहिलं होतं. परवा रात्री साडेअकराला त्यावर एक प्रतिक्रिया आली. खाली नाव नाही, नुसतं 'एक नागपूरकर'. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी देतो:

"लेख पुस्तकी आहे. निर्भीकचं वजन चुकलंय. झाकून बाळगायच्या रिव्हॉल्वरला रबरी मूठ लावा म्हणणं ही नवख्यांची दिशाभूल आहे. रबराला कापड चिकटतं, सदरा वर चढतो आणि आत काय आहे ते चारचौघांना कळतं. अमेरिकेत जाणकार लोक छोटी गुळगुळीत लाकडी मूठच ठेवतात. लेखकाने नागपूरच्या उन्हाळ्यात एक दिवस तरी कमरेला रिव्हॉल्वर लावून काढलाय का, शंकाच आहे."

वजनाचं मान्य. मी निर्भीक ४०० ग्रॅमचं लिहिलं होतं, ते ५०० ग्रॅमचं आहे. २०१४ साली कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने ते बाजारात आणलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, .३२ बोअरचं, आणि किंमत होती एक लाख बावीस हजारांच्या वर. ही किंमत मी लेखात बरोबर दिली होती, पण ती तुमच्या डोळ्यात भरली नाही. असो. आकडा दुरुस्त केला आहे, आभारी आहे.

आता ते शेवटचं वाक्य. 'एक दिवस तरी.'

भाऊ, आमची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. वडिलांकडे बारा बोअरची बंदूक होती, रानडुकरांसाठी. ती साफ करायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी सातवीत होतो. तिच्या दस्त्याला जवसाचं तेल चोळायचं, ते मुरू द्यायचं, दुसऱ्या दिवशी परत चोळायचं. तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकली की वडील पाठीत धपाटा घालत, कारण जवसाच्या तेलाची चिंधी आपोआप पेट घेते. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. लाकडाशी माझं वैर आहे असं कुणाला वाटू नये म्हणून सांगतो.

रिव्हॉल्वरचा परवाना मला २००९ साली मिळाला. तेव्हा नागपूरच्या कळमना बाजारातला बराचसा व्यवहार रोखीचा होता आणि संध्याकाळी रोकड घेऊन काटोल रस्त्याने परतावं लागे. तेव्हापासून कानपूरचं .३२ माझ्या कमरेला आहे. एक दिवस नाही, पंधरा उन्हाळे. मे अखेरच्या नऊ दिवसांच्या नवतपातसुद्धा. मोटारीची काच खाली केली की भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ येते, बनियन पाठीला चिकटतं, आणि पट्ट्याखालचा घाम कुठून कुठे वाहतो ते मला विचारा. तुम्ही मला नागपूरचा उन्हाळा काय सांगून राहिले!

लाकडी मूठ काय वाईट होती, तेही याच अनुभवातून सांगतो. पहिली दोन वर्षं मी मूळचीच मूठ ठेवली होती. मे महिन्यात सरावाला गेलो. पहिली गोळी ठीक. दुसरीला मूठ तळव्यात अर्धा इंच वर सरकली, तिसरीला मी रिव्हॉल्वर धरलेलं नव्हतं, नुसतं हातात होतं. छोट्या मुठीवर तीन बोटंही धड बसत नाहीत, करंगळी हवेत लोंबते. त्यात हात घामेजलेला आणि लाकूड पॉलिश केलेलं.

याच्यामागे साधा हिशोब आहे. तुम्ही अमेरिकेचं नाव काढलंत म्हणून तिकडचंच उदाहरण घेऊ. १९५० साली आलेलं स्मिथ अँड वेसनचं पाच गोळ्यांचं जे-फ्रेम घ्या. त्यातल्या हलक्या मॉडेलचं वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. घोडा न चढवता थेट ट्रिगर ओढायचा तर पाच किलोहून जास्त जोर लागतो. म्हणजे वस्तूच्या वजनाच्या दहापटीहून जास्त जोर एका बोटाने लावायचा आणि ती वस्तू उरलेल्या बोटांनी जागच्या जागी धरून ठेवायची. हे काम मूठ करते. ती हातात भरली नाही तर उजव्या हाताने झाडणाऱ्याची नळी डावीकडे-खाली जाते, मग सदरा कितीही झोकात बसलेला असो.

आणि त्या जे-फ्रेमची मूठ आपल्या कानपूरच्या .३२ला बसतच नाही. ते मधून मोडून उघडणाऱ्या जुन्या ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्वरच्या घराण्यातलं, त्याची चौकट वेगळी, स्क्रूची जागा वेगळी. परदेशी रिव्हॉल्वर सामान्य माणसाला आयात करायला १९८०च्या दशकापासून बंदी आहे. तेव्हा अमेरिकेतले जाणकार काय ठेवतात ते त्यांचं त्यांना लखलाभ. व्हिडिओ पाहून प्रतिक्रिया लिहिणं सोपं असतं.

रबराला कापड चिकटतं म्हणे. चिकटत असेल. जरा सैल सदरा घाला, शिवायला टाकताना दोन इंच लांबी जास्त सांगा. यावर याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखं आहे ते दुसरंच, आणि ते तुमच्या लक्षातही आलं नाही. रबरी मूठ दोन तऱ्हेची असते. एकीत चौकटीचा मागचा पोलादी कणा उघडा राहतो, दुसरीत तो झाकला जातो. झाकलेलीत गोळी सुटतानाचा झटका अंगठ्याच्या बेचक्यात कमी बसतो, पण हात मागे सरकतो आणि ट्रिगर लांब पडतो. बोटं आखूड असतील तर ही मूठ घेऊ नका. रिव्हॉल्वर रिकामं करा, दोनदा तपासा, मग हातात धरून बघा. बोटाच्या पहिल्या पेराची गादी ट्रिगरवर सहज टेकली पाहिजे. नुसतं टोक पोचत असेल तर मूठ जाड झाली. माझ्या थोरल्या भावाला याच कारणाने उघड्या कण्याची घ्यावी लागली. त्याचे हात लहान आहेत. तो हे वाचणार नाही.

मूळच्या मुठीच्या दोन बाजूंच्या लाकडी फळ्या काढताना स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, टवका उडतो. स्क्रू चार-पाच आटे सैल करा आणि त्याच्या डोक्यावर हलकेच ठोका, पलीकडची फळी आपसूक सुटते. लाकडी फळ्या परत बसवताना फार आवळू नका, लाकूड त्या भोकापासूनच चिरतं.

रबराचा एक दोष मी स्वतःहून सांगतो, तोही तुम्ही सांगितला नाहीत. त्याच्या आत ओल कोंडते. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत मला रिव्हॉल्वर ठाण्यात जमा करावं लागलं. मार्चमध्ये दिलं, जूनमध्ये परत घेतलं. देण्याआधी मूठ काढून चौकट पुसली नाही, तेल लावलं नाही, चूक सर्वस्वी माझी. परत आणल्यावर रबर काढलं तर आत घामाच्या मिठाने तांबूस नक्षी काढलेली. आता महिन्यातून एकदा काढतो, पावसाळ्यात दोनदा. पुस्तकी माणसाला हे कळलं असतं का?

आणि तरीही पुरावा हवाच असेल, तर ऐका. तीन वर्षांपूर्वी साडूच्या मुलीचं लग्न होतं, ऐन मे महिन्यात. रोकड घेऊन थेट बाजारातून आलो होतो, घरी जायला वेळ नव्हता, म्हणून रिव्हॉल्वर होल्स्टरमध्ये आणि वरून सुती कुर्ता. पंगतीत वाढायला वाकलो आणि उठलो. कुर्ता मागून मुठीवर अडकून तसाच राहिला. मला पत्ताच नाही. मी आपला जिलबीचं ताट घेऊन दोन रांगा फिरलो. शेवटी साळी मागून आली, कुर्ता खाली ओढला आणि म्हणाली, "भाऊजी, नवरदेवाकडचे लोक घाबरून राहिले ना!"

हे कुणाच्या बाबतीत घडतं? जो कमरेला लावून फिरतो त्याच्याच. कपाटात ठेवणाऱ्याच्या कुर्त्याला काही होत नाही.

त्या लग्नापासून मी मुठीच्या बाहेरच्या अंगाला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळतो, तिच्यावरून कापड घसरतं. दर पंधरा दिवसांनी बदलावी लागते, कारण उन्हात तिचा डिंक सुटतो आणि कडा वळतात. हेही मला लावून फिरल्याशिवाय कळलेलं नाही, एक नागपूरकर साहेब.