जुना डबा भंगारात का काढायचा?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आता जुने पीसी भंगारात काढा, हे एका लेखातलं म्हणणं पटलं नाही. माझा इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा पीसी २०१४ पासून चालू आहे. गेल्या उन्हाळ्यात सारखा बंद पडायला लागला. उघडला तर पंख्याच्या पात्यांवर धुळीचा जाड थर आणि प्रोसेसरवरची, त्याची उष्णता बाहेर न्यायला लावलेली थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी भुगा झालेली. पेस्ट बदलली, घड्याळ मागे पडायचं म्हणून बोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदलला, हार्ड डिस्कच्या जागी तिच्याहून वेगवान एसएसडी लावली. आता विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर मुलीचा अभ्यास निवांत चालतो.

व्हिडिओ एडिटिंगसाठी मात्र नवा पीसी स्वतः जोडतोय. तिथे जुनी रॅम चालणार नाही, जुन्या डीडीआर ३ प्रकारच्या रॅमची खाच वेगळ्या जागी असते, नव्या डीडीआर ५ च्या स्लॉटमध्ये ती बसतच नाही. पुढे नुसता प्रोसेसर बदलता यावा म्हणून एएमडीच्या एएम ५ सॉकेटचा मदरबोर्ड घेतोय. कॅबिनेट जुनंच.

आणि कृपा करून एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, पैसे वाचवू नका. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसने माझा आधीचा मदरबोर्ड जाळला, आणि सोबत आईचे फोटो असलेली डिस्कही.