नाताळात गच्चीवर काय लावायचं?

पिंट्याचं म्हणणं सरळ होतं. "'होम अलोन' लावायचा. पोरं हसून लोळत्यात, म्हातारी माणसं हसत्यात. एवढा विचार कशाला करायचा?"

कोल्हापुरात गंगावेशीतला दूध कट्टा. रात्रीची थंडी, हातात धारोष्ण दुधाचे पेले, आणि विषय आणलेला सॅमीनं. २३ डिसेंबरला त्याच्या गच्चीवर पडदा बांधायचा बेत आहे. घरात मराठी बायबल रोज वाचणारी आजी, काका-काकू, शेजारची दोन बिऱ्हाडं आणि बालवाडीपासून दहावीपर्यंतची पोरं. प्रोजेक्टर आणि साउंड पिंट्याचा, तो धंदाच आहे त्याचा. राहिला प्रश्न, लावायचं काय?

"आजीला इंग्लिश येत न्हाई," सॅमी म्हणाला. "शेजारच्या काकूंनाबी न्हाई. दर वाक्याला 'काय म्हणालं रं?' सुरू हुतंय. मी सांगस्तोवर पडद्यावरचं पुढं गेलेलं असतंय."

"चोर आपटतंय ते कळायला इंग्लिश लागतंय व्हय?" पिंट्या.

त्यात तथ्य आहे. घरी एकटं राहिलेलं पोरगं चोरांना पळवून लावतं, असा १९९० चा हा सिनेमा पोलंडमध्ये दर नाताळात टीव्हीवर लागतो आणि लोक तो दरवर्षी बघतात. पण मास्तर, म्हणजे आमच्यातले चित्रकलेचे शिक्षक, वेगळंच बोलले. "त्यातलं खरं नाताळ मारामारीत नाही. तो पोरगा चर्चमध्ये शेजारच्या म्हाताऱ्याजवळ बसतो, बघा. म्हातारा मुलाशी भांडलेला, म्हणून नातीचं गाणं लांब बसून ऐकतोय. ते दोघं बोलतात, ते आजींना कळायला पाहिजे. आणि नेमकं तेच नुसतं बोलण्यावर चाललंय."

पिंट्या गप्प झाला, पण क्षणभरच. लगेच त्यानं 'डाय हार्ड' काढला. नाताळच्या आदल्या रात्री घडतो हे खरं, पण अमेरिकेत तो लागला १९८८ च्या जुलैमध्ये, आणि रक्त एवढं की बालवाडीतल्या पोरांपुढं लावायचा प्रश्नच नाही. त्यावर आम्ही वेळ घालवला नाही.

आप्पांनी अर्धी हयात टॉकीजच्या केबिनमध्ये रिळं चढवण्यात घालवली. त्यांचं मत ठाम: 'इट्स अ वंडरफुल लाइफ', १९४६, दिग्दर्शक फ्रँक काप्रा. "लागला तवा पडला हुता त्यो पिक्चर. कॉपीराइटचं नूतनीकरण १९७४ ला राहून गेलं, मग अमेरिकेतल्या टीव्हीवाल्यांनी फुकटात मिळतंय म्हणून दर नाताळात लावला. लोकांनी बघून बघून त्याला मोठा केला. पिक्चर असा मोठा हुतोय, पोरांनो."

आप्पांची ही गोष्ट मला फार पटते. घराचा सिनेमा निवडून मिळत नाही, तो दरवर्षी लावून होतो. स्वीडनमध्ये नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी ३ वाजता डोनाल्ड डकचा जुना कार्यक्रम लागतो आणि घरंच्या घरं टीव्हीसमोर बसतात. चाळीस पर्याय पुढं टाकले की सगळे मोबाईल घेऊन वेगवेगळ्या खोल्यांत जातात. एकच ठरवा, तेच पुढच्या वर्षी लावा. एवढं तर व्हायलाच हवं.

पण आप्पांचा सिनेमा २ तास १० मिनिटांचा आहे, आणि सुरुवातीपासून तो पुलावर जीव द्यायला निघालेल्या माणसाकडं चाललेला असतो. शेवटी सारं गाव त्याच्या मदतीला धावतं. तिथपर्यंत पहिलीतलं पोर जागं राहील का?

मग मी माझं मांडलं. 'द स्नोमॅन', एक पोरगा आणि त्यानं केलेला बर्फाचा माणूस यांची कार्टून फिल्म. ब्रिटनच्या चॅनल फोरवर २६ डिसेंबर १९८२ ला पहिल्यांदा लागला. २६ मिनिटांचा, रंगीत खडूंनी काढल्यासारखी चित्रं. गोष्टीत संवाद एकही नाही. हॉवर्ड ब्लेकचं संगीत, आणि मुलगा त्या बर्फाच्या माणसाचा हात धरून उडतो तेव्हा एका लहान मुलाच्या आवाजातलं गाणं. आजी, काकू, पाच वर्षांचं पोर, सगळ्यांना एका वेळी समजतं. कुणाला कुणी काही सांगायचं नाही. कुटुंबानं मिळून बघणं म्हणतात ते माझ्या लेखी हेच.

आप्पांनी मान डोलवली. "आपल्या गावाला हे नवं न्हाई. बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' १९२० चा, मूकपटच की. पडद्याजवळ पेटी-तबला वाजायचा आणि लोक बघायचे."

अडलं ते शेवटावर. सकाळी पोरगा धावत बाहेर येतो आणि बर्फाचा माणूस वितळलेला असतो. टोपी, मफलर, थोडासा ढीग. संपलं.

"सणाच्या दिवशी पोरांना रडवायचं?" पिंट्या चिडलाच. "आणि सॅमीचा बाबा याच वर्षी गेलाय. सॅमीच्या पोरीपुढं हे लावणार तुमी?"

कट्टा शांत झाला. सॅमीनं पेला खाली ठेवला. म्हणाला, "ती मला रोज विचारतीया, आजोबा कुठं गेले म्हणून. मी विषय बदलतोय."

मास्तर हळू बोलले, पण मागं हटले नाहीत. "रेमंड ब्रिग्जच्या मूळ पुस्तकात सांताक्लॉज नाहीच. ते टीव्हीसाठी घातलं. वितळणं मात्र पुस्तकात आहे, आणि फिल्मवाल्यांनी ते काढलं नाही, कारण ते काढलं तर गोष्टच उरत नाही. मुलाच्या हातात सांतानं दिलेला मफलर राहतो. म्हणजे रात्र खरी होती. पोरीला रडू येईल, येऊ दे. आजी शेजारी बसलेली असेल, तू असशील. एकटीनं मोबाईलवर बघून रडण्यापेक्षा हे बरं नव्हे का?"

मी मास्तरांच्या बाजूचा. मुलांना दुःख कळत नाही असं आपण धरून चालतो आणि त्यांना ते एकट्यानं सोसायला लावतो. पिंट्याला पटलं नाही, त्यानं तसं स्पष्ट सांगितलंही. आमच्यातला हा वाद अजून मिटलेला नाही.

सॅमीनं मात्र त्यातून वाट काढली. "त्याच्यानंतर 'चार्ली ब्राऊन' लावूया." म्हणजे 'अ चार्ली ब्राऊन ख्रिसमस', टीव्हीवरचा कार्टून कार्यक्रम, १९६५ चा, साधारण २५ मिनिटांचा. खऱ्या लहान मुलांचे आवाज, मागं जाझ, आणि मुद्दाम पेरलेलं खोटं हसणं कुठं नाही. नाताळ म्हणजे काय ते कुणी सांगाल का, असं चार्ली वैतागून विचारतो, तेव्हा लायनस नावाचं पोरगं पुढं येऊन लूकच्या शुभवर्तमानातल्या मेंढपाळांच्या ओळी म्हणतं. टीव्हीवर बायबल नको, असं बनवणाऱ्यांतल्याच काहींना वाटत होतं. चार्ली ब्राऊनचे जनक चार्ल्स शुल्झ यांनी हट्टानं ठेवलं.

"ह्या ओळी आजीला तोंडपाठ हायत," सॅमी म्हणाला. "तिथं मी आवाज बंद करतो. आजी मराठीत म्हणंल."

आप्पा म्हणाले, "लका, हे झक्कास!" पिंट्याही हसला.

तर आधी 'स्नोमॅन', मग 'चार्ली ब्राऊन' आणि मध्ये आजी. 'होम अलोन' पिंट्या जेवणं झाल्यावर मोठ्या पोरांसाठी लावणार आहे. गणपतीतले मोठे स्पीकर गच्चीवर आणायचे नाहीत, दोन छोटे पुरेत, ही आप्पांची अट त्यानं जरा कुरकुरत मान्य केली.