उपास कुठे मोडला?

यंदा आमच्या गल्लीत गंमतच झाली. 15 फेब्रुवारीला महाशिवरात्र, 18 ला आमचा राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस, आणि त्याच आठवड्यात रमजान लागला. दूधवाला वैतागून म्हणाला, “दीदी, कोई आधा लीटर कम, कोई दो लीटर ज़्यादा, मैं हिसाब कैसे रखूँ?” भिंतीला भिंत लागून तीन घरं, आणि तिन्ही घरांत उपास. तेही इंदूरमध्ये! जिथे माणूस सकाळी पोहे-जिलेबीवर डोळे उघडतो आणि रात्री सराफा बाजारात भुट्ट्याचा कीस खाल्ल्याशिवाय मिटत नाही.

मी ख्रिस्ती. आडनाव सांगितलं की लोक म्हणतात, “अरे, पण तुम्ही तर मराठी!” जणू दोन्ही एकदम असता येत नाही. आजोबा नगरकडून इथे कापड गिरणीत नोकरीला आले, तेव्हापासून आम्ही इंदूरचे. चर्चमधली उपासना हिंदीत आणि घरातली प्रार्थना मराठीत, असं तीन पिढ्या चाललंय. ईस्टरच्या आधीच्या ह्या उपासकाळाला आमच्याकडे हिंदीत ‘चालीसा’ म्हणतात. शाळेत नोकरीला असताना मी एकदा स्टाफरूममध्ये म्हटलं, “मेरा चालीसा चल रहा है,” तर एका बाईंनी लगेच हात जोडून विचारलं, “सुंदरकांड भी करती हैं क्या?”

तर चालीसा म्हणजे चाळीस दिवस. येशूने रानात चाळीस दिवस उपास केला, त्याची आठवण. पंचांग काढून मोजाल तर राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत सेहेचाळीस दिवस भरतात. मधले सहा रविवार वजा करायचे, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास नाही. कॅथलिकांकडे नियम पक्के आहेत. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) ह्या दोन दिवशी अठरा ते एकोणसाठ वयाच्या माणसाने एकच पूर्ण जेवण घ्यायचं, आणि शुक्रवारी मांस वर्ज्य. आम्ही प्रॉटेस्टंट, आमच्यात सक्ती नाही. नसण्यामागे एक मजेदार प्रकरण आहे. 1522 च्या उपासकाळात झुरिकमध्ये एका छापखानेवाल्याच्या घरी लोकांनी सॉसेज खाल्लं. त्यावरून गदारोळ झाला, आणि तिथला धर्मोपदेशक झ्विंग्ली, ज्याने स्वतः ते तोंडात घातलं नव्हतं, त्याने व्यासपीठावरून सांगितलं की खाणं-न खाणं ही ज्याच्या त्याच्या मनाची मोकळीक आहे. मला झ्विंग्लीचं पटतं. पण मोकळीक मिळाली आणि आम्ही उपासच सोडून दिला, हेही खरंच.

आमच्या आजीने सोडला नव्हता. उपासकाळातल्या दर शुक्रवारी ती रात्रीचं जेवण टाळायची, आणि त्या जेवणाच्या पोळ्यांची कणीक, एका पोळीला एक मूठ अशी मोजून, डालडाच्या जुन्या डब्यात टाकायची. मी विचारलं, तुला भूक नाही तर नाही, ही कणीक कशाला मोजतेस? म्हणाली, “पोटाला वाचवलेलं पोटालाच गेलं पाहिजे.” ईस्टरच्या आदल्या दिवशी तो डबा मागच्या चाळीतल्या एका विधवा बाईच्या घरी जायचा. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अठ्ठावन्नावा अध्याय मी पुढे नीट वाचला. देव तिथे लोकांना विचारतो, डोकं लव्हाळ्यासारखं लववायचं आणि गोणपाट अंथरून बसायचं, ह्याला तुम्ही उपास म्हणता? मला हवा तो उपास म्हणजे जुलमाच्या बेड्या तोडणं आणि आपली भाकर भुकेल्याला वाटून देणं. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून उपाशी मुली-बायकांना गोळा करून केडगावला नेलं, आणि त्याच केडगावात 1905 साली बायका रोज जमून प्रार्थना करत होत्या. आमच्या मराठी ख्रिस्ती घरांत ह्या दोन गोष्टी वेगळ्या कधी नव्हत्या. आजीने यशया वाचून डबा भरला की डबा भरता भरता तिला यशया कळला, ते विचारायचं राहून गेलं.

उत्तम शुक्रवारी ती आदल्या रात्रीपासून काही खायची नाही. दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये क्रूसावरची सात वचनं, त्यानंतर घरी. आणि घरी येईपर्यंत शेजारच्या काकूंचा स्टीलचा डबा दाराशी हजर. साबुदाण्याची खिचडी! आपली इंदुरी, वाफेवरची मोकळी, वरून फराळी मिक्सचर आणि लिंबू. ‘आज ह्यांचा उपास’ म्हटल्यावर काकूंच्या डोक्यात दुसरं काही येणंच शक्य नव्हतं. आजीने एकदाही सांगितलं नाही की अहो, आमच्यात साबुदाण्याचं असं काही नसतं. ती डबा समोर ठेवून डोळे मिटायची आणि म्हणायची, “प्रभू, ह्या घरावर दया कर.” ‘ह्या घरावर’ म्हणजे काकूंच्या. मग ती खिचडी खायची.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळंच आहे. गेल्या आठवड्यात पुन्हा एका ग्रुपवर यादी फिरली. ‘एकवीस दिवसांची उपास-प्रार्थना साखळी, आपापला दिवस लिहा, साखळी तुटू देऊ नका.’ एका मुलाच्या व्हिसासाठी. मी फोन उलटा ठेवला.

2021 च्या एप्रिलमध्ये माझा दादा व्हेंटिलेटरवर होता. तेव्हाही अशीच यादी निघाली होती, आणि मी तीन दिवस माझ्या नावावर लिहिले होते, तेही पूर्ण निरंकार. मला मधुमेह आहे. गोळी घेतली आणि वर काही खाल्लं नाही, की काय होतं हे मला ठाऊक होतं. पण दादा तिथे श्वास मोजत असताना मी माझी साखर मोजत बसू? तिसऱ्या दिवशी अकरा वाजता हाताला कंप सुटला, कपाळावर गार घाम, स्वयंपाकघराची चौकट दोन-दोन दिसायला लागली. ओट्यावर काकूंकडून आलेले पोहे होते. मी उभ्या उभ्या, हाताने, दोन घास खाल्ले आणि वर साखरेचा चमचा. सेव नाही, लिंबू नाही, नुसते गार पोहे. मग तिथेच जमिनीवर बसले. संध्याकाळी ग्रुपवर प्रामाणिकपणे लिहिलं की माझ्याच्याने झालं नाही, माझा दिवस कुणीतरी घ्यावा.

आठ दिवसांनी दादा गेला. चार माणसांत, पीपीई किट घातलेल्यांच्या हातून. महिनाभराने फोनवरच्या प्रार्थनासभेत एक बाई म्हणाल्या, “काय करणार, साखळी कुठेतरी तुटली.” माझं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

मी वर्षभर पोहे खाल्ले नाहीत. इंदूरमध्ये! लोकांना वाटलं डॉक्टरांनी बंद केले. प्रार्थना चालू होती, पण कारकुनाला हिशोब देतात तशी. रात्री दिवा मालवला की तेच एक. दोन घास पोह्यांनी माझा भाऊ गेला का?

पुढच्या वर्षीच्या उपासकाळात बायबल क्रमाने वाचत होते आणि शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायाशी आले. आधी कितीदा वाचला असेल. दावीद राजाचं तान्हं बाळ आजारी पडतं. दावीद जमिनीवर पडून राहतो, अन्न घेत नाही. घरातली वडीलधारी मंडळी उठवायला जातात, तो उठत नाही. सातव्या दिवशी बाळ जातं. चाकर आपसांत कुजबुजतात, आता ह्याला सांगायचं कसं? ती कुजबूज ऐकूनच दाविदाला कळतं. आणि मग तो उठतो. अंघोळ करतो, तेल लावतो, कपडे बदलतो, देवाच्या घरी जाऊन नमन करतो, आणि घरी येऊन जेवायला वाढा म्हणतो. चाकर चक्रावून जातात. तो म्हणतो, बाळ होतं तोवर मी उपाशी राहून रडलो, वाटलं कुणी सांगावं, देवाला दया येईल. आता उपास कशाला करू? मी त्याच्याकडे जाईन, तो माझ्याकडे परत येणार नाही.

ह्या गोष्टीत दाविदाचं पाप आहे, नाथान संदेष्ट्याने आधीच बजावलंय, ते सगळं मला माहीत आहे. कमेंटमध्ये सांगायला येऊ नका. मला त्या दिवशी दुसरंच दिसलं. सात दिवसांचा कडक उपास, राजाचा, आणि फळला नाही. तरी त्या अख्ख्या अध्यायात एकही माणूस विचारत नाही, की बाबा, उपास कुठे मोडला?

आपल्याकडे पूर्वी धनको ऋणकोच्या दारात धरणं धरून बसायचा. अन्न घेणार नाही, उठणार नाही, माझे पैसे टाक. ह्या साखळ्या मला आता तशा वाटतात. देव आपलं देणं लागतो आणि आपण त्याच्या उंबऱ्यावर पोट धरून बसलोय! मागू नये असं मी म्हणत नाही. एस्तेर राणीने राजापुढे जाण्याआधी सगळ्या यहुद्यांना तीन दिवस उपास करायला लावला, निनवेच्या राजाने तर गुराढोरांनाही उपाशी ठेवलं. मागावं की, पोटच्या पोरासारखं मागावं. फक्त दावीद काय म्हणतो ते पाहा, ‘कुणी सांगावं’. त्या दोन शब्दांत देवाला नाही म्हणायची जागा आहे. साखळीच्या यादीत ती जागा नसते, म्हणून मग काम झालं नाही की कुणाच्या तरी घशात पोह्यांचा घास शोधावा लागतो.

आणि यादी चव्हाट्यावर टांगणं हेही मला खटकतं. येशूने मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात स्वच्छ सांगितलंय, उपास करता तेव्हा म्लानमुख होऊ नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, कुणाला कळू देऊ नका. ‘करता तेव्हा’ म्हणाला, हेही लक्षात घ्या. करणार हे त्याने गृहीत धरलंय. (आता मी फेसबुकवर हजारभर शब्द लिहून माझा उपास सांगतेय, हे मलाही दिसतंय. असू दे.)

माझा सध्याचा उपास फार किरकोळ आहे. डॉक्टरांनी जेवण चुकवायला साफ मनाई केली आहे, ती मी पाळते. मी बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी चारचा चहा सोडलाय. बुधवार-शुक्रवार ही जुनी रीत. पहिल्या शतकाच्या आसपासच्या ‘दिदाखे’ नावाच्या, मंडळीच्या नियमांच्या पुस्तकात हेच दोन वार दिलेत, आणि मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्लीही हे दोन वार पाळायचा. हसू नका, पण चारचा चहा म्हणजे माझ्या दिवसाचा खांब आहे. आलं कुटल्याचा आवाज, साय बाजूला सारणं, बशीतलं टोस्ट. ते काढून टाकलं की चार वाजता घरात एक भोक पडतं. त्या भोकात मी खुर्ची टाकून बसते.

पहिली दहा मिनिटं प्रार्थना वगैरे काही नसते. गॅस सिलिंडर लावला का, नळाचं पाणी आज येणार का, शेजारच्या घरातून चहाचा वास येतोय आणि त्यांनी वेलची टाकलीय. मग चिडचिड. एवढ्याशा कपासाठी मी इतकी चिडते? हे मला माहीतच नव्हतं, कारण रोज चार वाजता मी त्या चिडचिडीला चहा पाजून गप्प करत होते. ती बाहेर आली की मग बोलायला काहीतरी खरं सापडतं. त्रेसष्टावं स्तोत्र काढते, कोरड्या जमिनीत तहानलेल्या जिवाचं. घसा कोरडा असताना ते वाचणं आणि चहा पिऊन वाचणं ह्यात फरक आहे, एवढंच मी सांगू शकते. मग नावं घेते. दादाच्या मुलीचं, काकूंचं. अलीकडे त्या साखळीवाल्या बाईंचंही घेते. सुरुवातीला त्यांचं नाव घेताना दात आवळले जायचे. आता नुसतं नाव घेते.

आणि त्या वेळात कुणी आलं तर? आलं तर चहा टाकते आणि बरोबर पिते. जॉन कॅसियन नावाच्या जुन्या ख्रिस्ती संन्याशाने इजिप्तच्या वाळवंटातल्या एका म्हाताऱ्या तपस्व्याची आठवण लिहून ठेवलीय. पाहुण्यांसाठी उपास का मोडतोस असं विचारल्यावर तो म्हणाला, उपास काय, नेहमीच माझ्यापाशी आहे, तुम्हाला मात्र थोड्या वेळाने निरोप द्यायचाय. माळव्यातल्या मनुहारीला, म्हणजे पाहुण्याला केलेल्या आग्रहाला, हे बरोबर लागू पडतं. दारात आलेल्या माणसाला ‘माझा उपास आहे’ म्हणून कोरडं बसवणं मला जमणार नाही.

पोहे मी आता खाते. जिरावण मसाला टाकून, सेव घालून, चांगले खाते.

काकू पंच्याऐंशीच्या झाल्या, डबा आता त्यांची सून देते. परवा गच्चीत कपडे वाळत घालताना तिने कठड्यावरून विचारलं, “ताई, 3 एप्रिलला ना तुमचा तो शुक्रवार? साबुदाणा किती भिजवू?”

म्हटलं, दोन वाट्या. आणि दाण्याचं कूट जरा जास्त टाक.