आजींच्या चहात थेंब घालण्याआधी

‘म्हाताऱ्या माणसांना भास होतात? संशय घेतात? डॉक्टरकडे धावू नका!’ हा मेसेज नौपाड्यातल्या मावशीने मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘त्यातले हॅलोपेरिडॉलचे थेंब तुमच्या वाशीत मिळतील का रे? आमचा मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देत नाही.’ देव त्या मेडिकलवाल्याचं भलं करो. हॅलोपेरिडॉल म्हणजे भास-संशयावरचं, मनोविकारांचं औषध.

मेसेजातल्या ‘ही बाहेरची बाधा’ या मुद्द्यावर वेळ घालवत नाही. ‘ब्राह्मी द्या, आठवण परत येते’ असंही त्यात आहे; ब्राह्मीने गेलेली आठवण परत येत नाही, पुढे चला.

मग येतो मुख्य सल्ला: ‘हॅलोपेरिडॉलचे थेंब चहात घाला, चव लागत नाही, दुष्परिणाम शून्य.’ चव लागत नाही, एवढंच खरं. डिमेन्शियाच्या, म्हणजे आठवण आणि समज ढासळत जाण्याच्या आजाराच्या, वृद्धांवरच्या १७ चाचण्या तपासून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रक संस्थेने, २००५ मध्ये या जातीच्या नव्या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला: साधारण दहा आठवड्यांत औषध घेणाऱ्यांपैकी ४.५ टक्के दगावले, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २.६. २००८ मध्ये तोच इशारा हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनाही लागला. शून्य म्हणे!

त्यात मावशीच्या सासूबाईंना सोफ्यावर दोन पोरं बसलेली दिसतात. त्यांच्यासाठी आजी सोफ्याच्या हातावर पार्लेजी काढून ठेवतात. चालताना पाय ओढतात. डॉक्टरांना लेवी बॉडी डिमेन्शियाची, म्हणजे डिमेन्शियाच्याच एका प्रकाराची, शंका आहे. त्यात अशी माणसं, मुलं दिसणं हेच मोठं लक्षण, आणि त्यातच हॅलोपेरिडॉलने अंग लाकडासारखं ताठ होऊ शकतं, शुद्ध हरपू शकते, जीवही जाऊ शकतो. म्हणजे मेसेज नेमका ज्यांना हाका मारतोय, त्यांनाच हे थेंब सगळ्यांत घातक.

औषध कधीच नको, असंही नाही. माणूस सारखा अंगावर धावून यायला लागला आणि बाकी उपाय थकले, तर डॉक्टर याच जातीतलं नवं औषध, रिस्पेरिडोन, देतात. पण कमी मात्रेत आणि थोडे दिवस. ब्रिटनमध्ये अल्झायमरच्या रुग्णांत अशा आक्रमकपणासाठी त्याला सहा आठवड्यांपर्यंतच मान्यता आहे. आणि दोन दिवसांत एकदम बिघडलं, तर आधी लघवीतला संसर्ग, दुखणं, पोट बघा. दिवाळीत आजी रात्रभर ओरडत होत्या. पाच दिवस पोट साफ झालं नव्हतं, कुणी विचारलंच नव्हतं.

मेसेजचा शेवटचा सल्ला: ‘खोटं बोलल्या की तिथल्या तिथे खोडून काढा.’ मावशीने केलं तेही. ‘कुठेत पोरं? दाखवा!’ आजी ढसाढसा रडल्या. आता मावशी बिस्किट उचलते नि म्हणते, ‘खाऊन झोपली हो दोघं.’ आजीही मग पाय पसरतात.

हे सगळं फोनवर सांगितलं, तर मावशी म्हणाली, ‘अरे, पण मी तो सोसायटीच्या ग्रुपवरही टाकलाय.’