क्विनोआला चव नसते म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या आणि भिशीच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: क्विनोआ म्हणजे गवताचं बी, परदेशात गुरांना घालतात. त्याच्या दाण्यावर विष असतं आणि धुताना येणारा फेस हाच त्याचा पुरावा. आपल्या भगरीलाच परदेशी नाव देऊन अव्वाच्या सव्वा भावात विकतात. आणि त्याला चव म्हणून नसतेच, त्यामुळे सॅलडमध्ये वरून चीज नि मेयोनीज ओतावं लागतं. शेवटी सल्ला दिलाय की भगर शिजवा, कच्च्या भाज्यांत कालवा, तेच सॅलड.

मेसेज पुढे पाठवणाऱ्यांची तळमळ मला कळते. आपल्या मातीतल्या धान्याबद्दल कुणी पोटतिडकीने बोललं तर मला बरंच वाटतं. पण त्यासाठी दुसऱ्या धान्याबद्दल खोटं सांगायची गरज नाही. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते चवीच्या दाव्याने, कारण तो वाचून लोक करून बघायचंच सोडून देतात.

आधी गवताचं. तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, नागली आणि जिची बाजू हा मेसेज घेतोय ती भगर, ही सगळी गवताच्या कुळातली धान्यं आहेत. क्विनोआ मात्र त्या कुळातला नाही. तो आपल्या चाकवताचा सख्खा भाऊबंद, दोघंही चेनोपोडियम या एकाच वंशातले. पालक, बीट आणि राजगिरा त्याच मोठ्या कुळातले. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू आणि बोलिव्हिया या देशांत, अँडीज पर्वतातल्या टिटिकाका सरोवराच्या आसपास, माणसं हजारो वर्षं तो पिकवून खात आली आहेत, सूप करून, खिरीसारखा शिजवून. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे वर्ष क्विनोआचं म्हणून पाळलं, ते काही चाऱ्यासाठी नव्हे.

विषाच्या दाव्यात निरीक्षण खरं आहे, निष्कर्ष चुकीचा. क्विनोआ धुताना फेस येतो हे बरोबर. दाण्याच्या बाहेरच्या थरात सॅपोनिन नावाचं कडू द्रव्य असतं, त्याचा तो फेस. रिठ्याला आणि शिकेकाईला फेस येतो तोही सॅपोनिनमुळेच. त्या कडूपणामुळे पाखरं दाण्याला फारशी तोंड लावत नाहीत, झाडाचा त्यात फायदा आहे. न धुता शिजवलात तर खाणाऱ्याला कडवट लागेल, एखाद्याच्या पोटालाही त्रास होईल. पण हा थर वरचाच असल्याने चोळून धुतला की निघून जातो. पाकिटातला क्विनोआ बहुधा कारखान्यातच घासून आलेला असतो, तरी घरी धुवावाच. साध्या चाळणीतून दाणे निसटतात, म्हणून बारीक जाळीची गाळणी घ्या, नळाखाली धरा, हाताने चोळा, फेस थांबेपर्यंत. मग एक कच्चा दाणा चावून बघा. जिभेला कडू लागला तर अजून एक पाणी द्या. ‘क्विनोआ खाल्ला, कडू होता’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांची तक्रार इथेच मिटेल.

आता भगर. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पट्ट्यात वरई पिकते, नाशिकच्या मिलमध्ये तिची भगर होते, आणि शेंगदाण्याच्या आमटीबरोबर गरम भगर खाण्याचं सुख मी कुणाला समजावून सांगायला नको. पण भगर म्हणजे क्विनोआ नव्हे. भगरीचा दाणा साल काढलेला असतो, शिजला की मऊ होतो आणि गार झाला की एकमेकांना धरून बसतो. आमटीबरोबर तेच हवं असतं. सॅलडला नेमकं उलटं हवं, गार झाल्यावरही दाणा न् दाणा सुटा. क्विनोआत हे जमतं, कारण त्याचा अंकुर दाण्याभोवती कड्यासारखा गुंडाळलेला असतो. शिजल्यावर तो पांढऱ्या बारीक शेपटीसारखा सुटा होतो आणि दाताखाली हलकासा कुरकुरतो. कमी पाण्यात भगर मोकळी करून तिचंही गार सॅलड करता येतं, जरूर करा, पण तो पदार्थ वेगळा. आणि हो, क्विनोआ आता राजस्थान आणि मध्य प्रदेशातही पिकतो, तेव्हा ‘सगळा बाहेरचा माल’ हेही धरून चालू नका.

चवीवर मात्र मला सविस्तर बोलायचंय. मेसेज म्हणतो चव नसते. मी म्हणेन, चव सौम्य असते, भाजक्या दाण्यासारखी, थोडी मातकट. नुसता शिजवून वर चार काकडीचे तुकडे टाकले तर बेचव लागणारच. नुसता तांदूळ तरी कोण चवीने खातं? घरोघरी क्विनोआचा लगदा होतो त्याचं कारण पाणी. आपण त्याला खिचडीसारखं भरपूर पाणी घालतो आणि कुकरला लावतो. तिथेच घात होतो.

धुतलेला क्विनोआ चांगला निथळू द्या. जाड बुडाच्या पातेल्यात, तेल न घालता, मध्यम आचेवर परता. आधी वाफ येईल, मग दाणे सुटे होतील आणि भाजल्याचा वास यायला लागेल. आता एका वाटीला पावणेदोन वाट्या पाणी आणि मीठ. मीठ याच टप्प्यावर हवं, नंतर वरून घातलेलं मीठ दाण्याच्या आत जात नाही. उकळी आली की झाकण ठेवून मंद आचेवर साधारण १५ मिनिटं. पातेलं तिरकं करून बघा, तळाला पाणी दिसत नसेल आणि शेपट्या सुटल्या असतील तर गॅस बंद. झाकण तसंच ठेवून १० मिनिटं मुरू द्या, मग काट्याने मोकळा करून परातीत पसरा. या पसरण्याला पर्याय नाही. पातेल्यातच ठेवलात तर स्वतःच्या वाफेवर तो आणखी शिजत राहतो आणि गोळा होतो. एका वाटीचा शिजून साधारण तीन वाट्या होतो.

परातीतला क्विनोआ कोमट असतानाच अर्धं ड्रेसिंग त्यावर घाला. कोमट दाणा आंबटपणा आत ओढून घेतो, पूर्ण गार झालेला तेवढा घेत नाही. ड्रेसिंगला दोन चमचे लिंबाचा रस, तीन चमचे तेल, ठेचलेली लसणाची पाकळी, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मिरपूड आणि चिमूटभर गूळ. तेल ऑलिव्हचंच हवं असं नाही. घाण्याच्या शेंगदाणा तेलाने याला जो खमंगपणा येतो तो मला जास्त आवडतो.

भाज्यांमध्ये शत्रू एकच, पाणी. टोमॅटोचा गर काढून फक्त भिंती चिरा. काकडीच्या बिया काढा, मीठ लावून ठेवा आणि पिळून घ्या. खमंग काकडी करताना आपण हेच करतो. कांदा बारीक चिरून लिंबाच्या रसात मुरवा. आपला लाल कांदा उग्र असतो, मुरला की उग्रपणा उतरतो आणि रंगही सुंदर येतो. ढोबळी मिरची, गाजर, मोडाचे मूग घातले की भरलं सॅलड होतं. द्राक्षांच्या हंगामात काळी द्राक्षं अर्धी करून घाला. एरवी डाळिंबाचे दाणे.

आणि हिरवा पाला. सगळी चव इथे आहे आणि सगळी कंजुषीही इथेच होते. वरून चार पानं भुरभुरवणं म्हणजे सजावट. लेबनॉनच्या तबुले सॅलडमध्ये दलियापेक्षा पार्सली जास्त असते, तेवढा नाही, तरी पाला सढळ हाताने घालायचा हा धडा मी त्यातून घेतला. तीन वाट्या शिजलेल्या क्विनोआला किमान एक भरगच्च वाटी पाला: निम्मी कोथिंबीर, थोडा कमी पुदिना, आणि दोन-तीन काड्या शेपू. शेपूचं नाव काढताच घरात नाकं मुरडली जातात, पण काकडी आणि लिंबाच्या सोबत तो इतका छान लागतो की एकदा घालून बघाच. कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या फेकू नका, बारीक चिरून घाला, वास त्यांच्यातही भरपूर असतो. पाला धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडा करा, नाहीतर लिंबू-मीठ पातळ होतं. पुदिना अगदी शेवटी, हाताने तोडून, कारण आधी चिरून ठेवला की काळा पडतो. एवढं केल्यावर मेयोनीजची आठवणही होत नाही.

भावाबद्दल मेसेजशी माझं भांडण नाही. क्विनोआ भगरीपेक्षा महाग आहे आणि रोज खायलाच हवा असं काही नाही. ‘यात डाळीपेक्षा जास्त प्रथिनं’ असा दावा करणारी जी दुसरी टोळी आहे तीही चुकतेय. १०० ग्रॅम कच्च्या क्विनोआत साधारण १४ ग्रॅम प्रथिनं असतात, तुरीच्या डाळीत २० ग्रॅमहून जास्त. क्विनोआची खरी जमेची बाजू ही की आवश्यक अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे जे घटक शरीर स्वतः बनवू शकत नाही ते, त्यात सगळी आहेत, गहू-तांदळात कमी पडणारं लायसिनसुद्धा. मुगाचे मोड निम्मे घातले तर खर्च कमी होतो आणि प्रथिनंही वाढतात.

डब्यात न्यायचं असेल तर क्विनोआ, गाजर, ढोबळी आणि मुरवलेला कांदा रात्रीच ड्रेसिंगमध्ये कालवून फ्रिजमध्ये ठेवा. काकडी, टोमॅटो आणि पाला सकाळी निघताना घाला, आणि लिंबू परत थोडं पिळा, कारण रात्रभरात दाण्याने आंबटपणा शोषून घेतलेला असतो.