आईला 'वन, टू, थ्री' दाखवताना

आमच्याकडे इंग्रजी सिनेमा एकट्याने बघायची सोय नाही. मी लावला की आई शेंगा घेऊन बसते, बाबा चष्मा शोधतात आणि पडद्यावरचं सगळं मराठीतून सांगायचं काम माझ्या गळ्यात पडतं. त्यात मी लावला बिली वाइल्डरचा १९६१चा 'वन, टू, थ्री'. त्यात जेम्स कॅग्नी असा सुटतो की मुहूर्त टळत आलेल्या गुरुजींनीही हात टेकावेत.

कॅग्नी पश्चिम बर्लिनमधला कोकाकोलाचा साहेब. अटलांटाचे वरिष्ठ आपली सतरा वर्षांची मुलगी त्याच्या घरी धाडतात. ती रोज रात्री गुपचूप पूर्व बर्लिनला जाते आणि ओटो नावाच्या कट्टर कम्युनिस्टाशी लग्न करून मोकळी होते.

"आणि त्या साहेबाच्या बायकोचं लक्ष कुठे होतं?" आईच्या हातातली शेंग थांबली. "दुसऱ्याची पोर सांभाळायची म्हणजे काय..." या नादात बरेच विनोद वाया गेले.

साहेब मग ओटोच्या मोटरसायकलला 'रशियनांनो, घरी जा' असं लिहिलेला फुगा लावून त्याला पूर्वेकडच्या पोलिसांच्या हाती देतो. बायको इकडे, नवरा तिकडे तुरुंगात. तिथे त्याला एकच पॉप गाणं इतक्यांदा ऐकवतात की तो हेर असल्याचं कबूल करून टाकतो.

"आपल्याकडे गणपतीत दहा दिवस ऐकवतात," बाबा म्हणाले, "कोण काय कबूल करतंय?"

मग त्यांनी रिमोट उचलून सिनेमाच थांबवला. "पण मधे बर्लिनची भिंत असताना ही पोरगी जायची कशी?"

शंका रास्त होती. कथेत हद्द अजून उघडी आहे. प्रत्यक्षात चित्रीकरण चालू असतानाच, १३ ऑगस्ट १९६१ला, ती बंद झाली. हद्दीवरचा ब्रांडेनबुर्ग दरवाजाच हातचा गेला, तेव्हा म्युनिकच्या स्टुडिओत नकली दरवाजा उभारून काम भागवलं. सिनेमा आपटला. १९८५मध्ये पुन्हा लागला, तेव्हा मात्र पश्चिम जर्मनीने डोक्यावर घेतला.

"एकसष्ट साली कोण हसेल?" आई म्हणाली. "लोकांचे लेकी-जावई पलीकडे अडकलेले."

यावर मला काही सुचलं नाही. बाबांनी सिनेमा चालू केला. मुलीला दिवस गेलेले, आईवडील विमानात बसलेले. ओटोला सोडवून आणून ते उतरायच्या आत खानदानी जावई बनवायचाय. शौचालयात नोकरी करणारा एक कफल्लक सरदार पैसे घेऊन त्याला दत्तक घेतो.

"चला, मुलाकडची बाजू झाली," आईने टरफलं गोळा केली. "आता कपड्यांचं बघा म्हणावं."

पडद्यावर लगेच कोट, पाटलोणी आणि हॅटा घेऊन माणसं हजर झाली. माझी नोकरी तिथेच संपली. पुढचं सगळं आईच मला सांगत होती.