कळफलकाचा सोस

यांत्रिक कळफलक विकत आणायचा नसतो, तो बांधायचा असतो, असे माझा भाचा सांगतो आणि वास्तुशांत तेवढी बाकी ठेवतो. त्यात प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्विच असतो. लाल स्विच मुकाट दबतो, तपकिरी बोटाला हलकीशी ठेच देतो आणि निळा दर अक्षरागणिक टकटक वाजून साऱ्या घराला साक्षीला बोलावतो. निळ्यांना पहिल्याच रात्री घरातून हद्दपारीचा हुकूम निघाला, म्हणून ते चिमट्याने उपसून मी तपकिरी बसवू लागलो. एकेका स्विचचे टोपण काढून आत बारीक कुंचल्याने ग्रीस फिरवायचे, तर भाचा मानेवर बसलेला : “मामा, दांडीच्या पायांना लावू नका, ठेच निघून जाईल.” इतके पैसे मोजून घेतलेली ठेच जपायलाच हवी होती.

पण खरा छळ अक्षरांच्या जागांचा आहे. ऑगस्ट ड्वोरॅक यांनी 1936 साली पेटंट मिळवलेल्या मांडणीत इंग्रजीचे मुख्य स्वर मधल्या ओळीत डाव्या हाताखाली येतात. आपल्या इनस्क्रिप्टमध्येही, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या मांडणीत, स्वर डावीकडे आणि बहुतेक व्यंजने उजवीकडे असतात. पत्रिका इतक्या जुळत असल्यामुळे इंग्रजीला ड्वोरॅक आणि मराठीला इनस्क्रिप्ट अशी सोयरीक मी जमवली. कचेरीतल्या संगणकाच्या सेटिंगला हात लावायची परवानगी नसल्याने ड्वोरॅक थेट कळफलकाच्या पोटातल्या चिपमध्ये भरला.

लग्न लागले आणि मानपान सुरू झाले. कळफलक संगणकाला अक्षर पाठवत नाही, कळेचा संकेतांक पाठवतो. आणि इनस्क्रिप्ट त्या संकेतांकाचा अर्थ क्वर्टीच्या, म्हणजे नेहमीच्या इंग्रजी मांडणीच्या, जुन्या जागा धरून लावते. त्यामुळे ‘क’ची कळ दाबली की ड्वोरॅकच्या हुकमाने टी जातो आणि पडद्यावर दीर्घ उकार उमटतो. ‘नमस्कार’ लिहिले की ‘करसाू.प’ होते. शिफ्ट न दाबता येणाऱ्या अक्षरांपैकी ‘स’ आणि ओकार हे दोघेच जागचे हललेले नाहीत, कारण ए आणि एम या दोन अक्षरांना ड्वोरॅकसाहेबांनी हात लावला नव्हता. साहजिकच या कळफलकावर बिनचूक उमटणारा एकच मराठी शब्द उरला : सोस.

भाच्याने यावर तोड काढली. चिपमध्ये क्वर्टीचा दुसरा थर भरला आणि कॅप्स लॉकची कळ थर बदलण्याच्या कामी लावली. आता मराठी लिहिताना संगणकाची भाषा बदलायची आणि कळफलकाचा थरही. दोहोंपैकी एक जरी राहिले, तरी पुन्हा करसाू.प. कळांवर पाहून सावरावे म्हटले, तर परवडणाऱ्या संचांत मला आवडलेल्या एकमेव रंगावर जपानी अक्षरे छापलेली आहेत. देखणी आहेत, पण घरात ती कोणालाही वाचता येत नाहीत.

परवा थर बदलायचा राहिला आणि गृहनिर्माण संस्थेच्या चिटणीसांना पाण्याच्या तक्रारीचे पत्र ‘करसाू.प’ या एकाच शब्दानिशी रवाना झाले. चिटणीस जुन्या वळणाचे, सणवार पाळणारे गृहस्थ आहेत. पाच मिनिटांत त्यांचे उत्तर आले : “आपणांस व आपल्या कुटुंबीयांसही.”